सुईखालचं टेबल

सुई रेकॉर्डवर टेकली नाही, पडली. आधी स्पीकरमधून ‘खट्’ असा आवाज आला, मग नवं कापड फाडावं तसा एक लांब ओरखडा, आणि मग सुई मधल्याच कुठल्या तरी वाटेला लागून वाद्य भलत्याच ठिकाणाहून सुरू झालं, जणू काही घडलंच नव्हतं. सुईच्या दांडीवरून सुटलेला हात तसाच अधांतरी ठेवून तो उभा राहिला. सुटीची दुपार होती. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. आतल्या खोलीत बायको इस्त्री करत होती. तिची इस्त्री थांबली. तिने काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच त्याला सांगावंसं वाटलं, आणि तो गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला, “टेबल हललं.” मग ओल्या कापडावर इस्त्री टेकल्याचा चुर्र आवाज आला आणि पुन्हा सगळं चालू झालं.

रेकॉर्ड प्लेअर त्याने मोठ्या हौसेने घेतला होता, लॅबमध्ये तो मेणाच्या टेबलावरचा मुख्य कारागीर झाला त्या वर्षी. लॅब म्हणजे दातांची. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्यांची मापं पाठवत आणि इथे त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या तयार होत. त्याचं काम कॅप आधी मेणात कोरायचं. हिरडीपाशी मेणाची कड अशी बसवायची की तिच्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. त्याचं पोट, त्याचा मान आणि त्याचा सगळा ताठा त्या कडेवर उभा होता. प्लेअरला सुई अलगद खाली सोडणारा एक खटका होता. तो खटका त्याने कधी वापरला नव्हता. तो नवशिक्यांसाठी. ज्याचं अर्धं आयुष्य मेणाचे दात कोरण्यात गेलं त्याने सुई टेकवायला खटका दाबायचा म्हणजे आचाऱ्याने पाकिटातलं वाटण वापरण्यासारखं, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि मग दांडी दोन बोटांत धरून सुई अशी टेकवायचा की ती टेकल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. थेट संगीतच सुरू व्हायचं. पाहुण्यांना त्यात विशेष काय ते कळत नसे. त्याला कळायचं, तेवढं पुरे होतं.

टेबल हलतं, हे त्याने त्याच संध्याकाळी सिद्ध केलं. घर दुसऱ्या मजल्यावर, जमीन फळ्यांची. त्याने काठोकाठ भरलेला ग्लास प्लेअरशेजारी ठेवला आणि बाहेरून आलेल्या लेकीला स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. पाण्यावर वर्तुळं उठली. बारीक, एकात एक, कडेला आपटून परत फिरणारी. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने बायकोला हाक मारून बोलावलं, पुन्हा चालायला लावलं, पुन्हा वर्तुळं दाखवली. “म्हणजे मी एवढी जाड आहे का बाबा?” लेक म्हणाली, आणि तो हसला, त्या विनोदाला पेलवणार नाही इतका वेळ हसत राहिला. बायको पाण्याकडे बघत होती. मग तिने ग्लास उचलला, त्याच्या हातात दिला नाही, स्वतःच नेऊन मोरीत ओतला. तिने तो हातात दिला नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं नाही असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो प्लेअरसाठी न हलणाऱ्या स्टँडच्या मागे लागला. ज्या टेबलावर प्लेअर होता ते लाकडाच्या भुश्शाच्या बोर्डाचं होतं, वरून नुसता चकचकीत कागद. असल्या टेबलाकडून काय अपेक्षा करायची? स्पीकर तर पुस्तकांच्या दोन चळतींवर ठेवलेले. इतकी वर्षं आपण हे चालवून कसं घेतलं याचंच त्याला नवल वाटायला लागलं, आणि त्या नवलात एक सुख होतं. प्लेअर, स्पीकर विकणाऱ्या दुकानात एक वाकलेला, चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार होता. त्याच्याकडे स्टँडच्या फळ्यांचे नमुने मांडून ठेवलेले होते: काच, प्लायवूड, सागवान, काळा दगड, लोखंडाच्या नळ्या. दुकानदाराने सगळं नीट समजावून सांगितलं. जड वस्तू लवकर हलत नाही, पण एकदा कंप तिच्यात शिरला की तो तिथेच मुक्काम ठोकतो. हलकी आणि ताठ वस्तू पटकन हलते आणि पटकन सोडून देते. रबर कंप गिळतं, पण त्यावर ठेवलेली वस्तू डुलते. टोकदार खिळ्यांवर उभं केलं तर डुलत नाही, पण जमिनीतलं सगळं वर येतं. बिनदोष असं काही नाही, काय सोसायचं ते आपण ठरवायचं. तो एकेका नमुन्यावर नखाने टिचकी मारून कान लावत गेला. बोर्ड ‘भद्’ म्हणून गप्प बसला. काच बराच वेळ किणकिणत राहिली. लोखंडाची पोकळ नळी तर कितीतरी वेळ स्वतःशीच पुटपुटत होती. सागवानाचा आवाज त्याला आवडला. भरीव, थोडक्यात आटोपणारा. टिचकी मारताना त्याचं बोट एकदा फळीच्या कडेवर आपटलं, एकदा हवेतच गेलं. दुकानदार तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

नुसता ठेवलेला हात हलत नसे. मांडीवर ठेवला की मांडीवर, खिशात घातला की खिशात, शहाण्यासारखा पडून राहायचा. काही करायला गेला की मात्र शेवटच्या बोटभर अंतरात त्याच्यात काहीतरी शिरायचं, कोणीतरी कोपऱ्यावरून धक्का मारून पळून जावं तसं. किल्ली कुलपापाशी जाईपर्यंत ठीक, भोकापाशी गेली की चुकायची. शर्टाच्या वरच्या गुंडीपाशी बोटं एकमेकांच्या पायात यायची. हे सगळं त्याला माहीत होतं, पण एका दिवसाचं दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही अशी त्याने स्वतःला सवय लावून घेतली होती. झोप झाली नाही. चहा जास्त झाला. लॅबमध्ये भिंतीपलीकडे हवेचा कॉम्प्रेसर बसवलाय, त्याने टेबल थरथरतं. प्रत्येक दिवसाला त्याचं त्याचं कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं.

कॉम्प्रेसरचं त्याने वकिलालाही सांगितलं. वकील म्हणजे शेजारच्या टेबलावरचा त्याचा जुना सोबती. कोणत्याही बाजूने भांडायला तयार असे म्हणून त्याला सगळे वकीलच म्हणत. त्या आठवड्यात एका डॉक्टरकडून कॅप परत आली होती, कडेला फट राहते म्हणून. मालकांनी ती काही न बोलता त्याच्या टेबलावर ठेवली होती. वकील म्हणाला, डॉक्टरांना धड माप घेता येत नाही आणि नापास आपण. कॉम्प्रेसरचं ऐकल्यावर त्याने हुज्जत घातली नाही. वकिलाने हुज्जत घातली नाही! दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर टेबलाच्या चारही पायांखाली रबराचे जाड तुकडे सरकवलेले. त्याला भरून आलं, आणि त्याच वेळी ते तुकडे काढून टाकावेसे वाटले, कारण असे चांगुलपणाने वागणारे लोक त्याने पूर्वी पाहिले होते.

वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर आरसा, दाराला मण्यांचा पडदा. शाळा सुटली की तो तिथेच बाकावर बसून अभ्यास करायचा, म्हणून त्याने ते सगळं होताना पाहिलं होतं, फक्त काय होतंय ते त्याला कळलं नव्हतं. गिऱ्हाईकं यायची थांबली नव्हती. ती यायची, रामराम करायची, खुर्चीत बसायची आणि म्हणायची, आज नुसते केस. दाढी घरीच करून आलोय. एक म्हणाला, मग दुसरा, मग सगळेच. कोणी कारण सांगितलं नाही. कोणी वडिलांच्या हाताकडे बघितलंही नाही. सगळे आरशात स्वतःकडे बघायचे. माणसं चांगली असली की कळायला फार उशीर होतो. वडील त्या दिवसांत वस्तरा दगडावर तासन्‌तास घासायचे, धारेत खोट आहे म्हणायचे, नवा वस्तरा आणायचे, मग त्याच्या मुठीत खोट निघायची. शेवटी एकच म्हातारा दाढीला येत राहिला, निवृत्त पोस्टमास्तर. तो डोळे घट्ट मिटून बसायचा आणि खुर्चीचे हात दोन्ही पंजांनी असे पकडायचा की नखं पांढरी पडायची. दाढी झाली की वडील कानाखाली, हनुवटीवर तुरटी लावायचे आणि पोस्टमास्तर म्हणायचे, झकास. एका दुपारी आई डबा घेऊन आली. ती दारातच थांबली, मण्यांचा पडदा खांद्यावर तसाच. मग तिने डबा बाकावर ठेवला, पुढे झाली, आणि साबण लावलेल्या त्या म्हाताऱ्याच्या देखत वडिलांच्या हातातून वस्तरा काढून घेऊन मिटला. पोस्टमास्तरांनी डोळे उघडले, टॉवेलने स्वतःच साबण पुसला आणि ते पाठीमागे न बघता निघून गेले. वडील त्याच खुर्चीत बसले, आरशासमोर. त्यांचे दोन्ही हात मांडीवर अगदी स्वस्थ पडलेले होते. आजही ते आठवलं की त्याला वाटतं, तेव्हा कोणी आत आलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाला काही झालेलं नाही.

सागवानाचा स्टँड तयार होऊन आला. पाय रुंद, तळाला रबराच्या गाद्या, स्पीकरना त्याच लाकडाचे बुटके चौथरे. घरात रंधलेल्या लाकडाचा वास पसरला. लेकीने कौतुकाने हात फिरवला. ग्लास ठेवून पाहिला. लेक चालली, बायको चालली, तो स्वतः टाचा आपटत चालला, पाणी ढिम्म हललं नाही. इतका निर्भेळ आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्या संध्याकाळी बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं की तिने त्याचं नाव नोंदवून ठेवलंय. ती एका मोठ्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर काम करायची. मेंदूचे, नसांचे जे डॉक्टर तिथे बसत त्यांच्याकडे तिने परस्पर विचारून ठेवलं होतं. ती त्याच्याकडे न बघता बोलत होती, उशीच्या अभ्र्याशी बोलल्यासारखं. त्यानेही कशासाठी असं विचारलं नाही. म्हणाला, “एकदा स्टँडचं मार्गी लागू दे, मग जाऊ.” स्टँड तर समोरच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं आणि अभ्रा कपाटात ठेवला.

घरी कोणी नसताना त्याने रेकॉर्ड लावली. पहिल्यांदा सुई बरी टेकली. थोडं ऐकून त्याने ती मुद्दाम उचलली, पुन्हा टेकवली, तेव्हाही बरी. तिसऱ्यांदा दांडी खाली नेताना, अगदी शेवटी, तो धक्का आला. खट्. ओरखडा. त्याने प्लेअर बंद केला आणि सागवानावर टिचकी मारली. आवाज तोच होता, भरीव, थोडक्यात आटोपणारा. पण आता त्याला त्यात काहीतरी लबाड ऐकू आलं. लाकूड हे काही झालं तरी जिवंत असतं, ते फुगतं, आक्रसतं, हवा बदलली की कुरकुरतं. लाकडाच्या नादी लागलो हेच चुकलं. असं मनाशी म्हणताना, वडील नव्या वस्तऱ्याची मूठ खिडकीच्या उजेडात फिरवून बघायचे ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याने ते चित्र झटकलं नाही, फक्त त्याच्याकडे पाठ केली.

मग लोखंड. वेल्डिंगवाल्याकडून त्याने चौकोनी नळ्यांचा सांगाडा करून घेतला. पोकळ नळ्या पुटपुटतात म्हणून त्यात वाळू भरायची होती. वाळू आणली, धुतली, गॅलरीत वर्तमानपत्रांवर पसरून उन्हात वाळवली. खोलीत जमिनीवर बसून तो नळ्यांत वाळू ओतायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की वाळू नळीत पडत नाहीये. ती नळीच्या तोंडाभोवती पडतेय, फळ्यांच्या फटींत जातेय, त्याच्या मांडीवर सांडतेय. त्याने फनेल आणलं. फनेल नळीच्या तोंडावर खडखड वाजायला लागलं. ते वाजणं त्याच्या ओळखीचं होतं: दुकान बंद झाल्यावर वडील घरभर कपबशी घेऊन फिरायचे आणि त्या खडखडाटावरून घरातल्या सगळ्यांना ते कुठे आहेत हे कळायचं, पुढे आईने बशी द्यायची बंद केली, मग कप, मग ती स्वतःच चमच्याने पाजायला लागली. बायको आतून आली. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, साडीचा पदर खोचला आणि दोन्ही हातांनी फनेल धरलं. दोघं बराच वेळ तसे बसले होते. तो ओतत होता, ती धरत होती. वाळू गेल्याचा बारीक सरसर आवाज, मग नळी भरत आल्यावर तो आवाज चढत चढत बंद व्हायचा. मध्येच तिने विचारलं, भरलेली नळी खरंच वाजत नाही का. त्याने टिचकी मारून दाखवली. नळी मेलेली होती. तिने स्वतःही मारून पाहिली, वाकून कान लावला, आणि मान डोलावली. त्याला वाटलं, ही माझी समजूत काढतेय. त्याला तिचा राग आला, आणि त्या रागाला धरून त्याला उरलेल्या नळ्या भरता आल्या.

त्याच सुमारास एक दिवस तो लॅबमध्ये लवकर पोचला. मेणाच्या टेबलावरचा दिवा लागलेला होता आणि वकील त्याच्या जागेवर बसला होता. वकिलाच्या डोळ्याला भिंग होतं, हातात त्याचं कोरणीचं हत्यार, आणि समोर काल संध्याकाळी त्याने पुरी करून ठेवलेली कॅप. वकील कड नीट करत होता. किती दिवस हे चाललं होतं कोण जाणे; मागच्या कित्येक दिवसांत एकही कॅप परत आली नव्हती आणि त्याने त्याचं श्रेय पायांखालच्या रबराला दिलं होतं. वकील दचकून उठला. म्हणाला, काही नाही, जरा बघत होतो. त्याच्याइतका भांडखोर माणूस, आणि त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. खुर्ची वकिलाच्या अंगाने गरम झालेली होती. समोरच्या मेणावरची कड सुरेख होती, त्याची स्वतःची असायची तशी.

लोखंडी स्टँडवर पहिली रेकॉर्ड लेकीने लावली. त्याने सांगितलं नव्हतं. तो बाहेरून आला तेव्हा ती लावतच होती. तिने सरळ खटका दाबला, दांडी हळूच खाली आली, सुई टेकली आणि ती खिडकीत बसून नखं कापायला लागली. तो दारात उभा राहून ऐकत राहिला. मग आत येऊन खुर्चीत बसला. पूर्ण बाजू वाजली. कित्येक आठवड्यांनी त्याने ती पूर्ण ऐकली: सुरुवातीची संथ, पाय ओढत आल्यासारखी चाल, मग मध्येच एक सूर कुणाचंही न ऐकता वर निघून जायचा ती जागा, मग तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी धरलेली शांतता. एका सुराच्या कडा दुसऱ्याला लागत नव्हत्या. इतकं स्वच्छ त्या घरात कधी वाजलं नव्हतं, हे खरं होतं. वाळूने आपलं काम केलं होतं, लोखंडाने आपलं, आणि तक्रार करायला जागा उरली नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुखाने आलं की धास्तीने, हे त्याला सांगता आलं नसतं, कारण प्रत्येक सूर त्याला दोन्ही सांगत होता: स्टँड हलत नाही. स्टँड हलत नाही. बाजू संपल्यावर तो म्हणाला, “बघ, वाळूने फरक पडला.” लेकीने आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. “हो बाबा,” ती म्हणाली. तिला बोलायला येत नव्हतं असं नाही. एरवी ती त्याला शब्दाला शब्द द्यायची.

दोघी बाहेर गेल्यावर त्याने खटक्यावर बोट ठेवलं. दाबलं नाही. खटका दाबला असता तर सुई नीट टेकली असती, रेकॉर्ड वाजली असती, आणि मग त्याला सगळं मान्य करावं लागलं असतं. त्याने दांडी दोन बोटांत धरली. श्वास रोखला. डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं. खाली नेता नेता त्याला आपलाच हात दिसत राहिला, परक्याचा असल्यासारखा, वर शिरा आलेला, अंगठ्याच्या बाजूला मेणाचा जुना चटका असलेला. आणि तो मनातल्या मनात त्याची विनवणी करायला लागला, एवढी वेळ, फक्त एवढी वेळ, मग तू म्हणशील ते. सुई दोनदा उडाली आणि आडवी घसरत पार मधल्या लेबलावर गेली. तिथे ती कागद खरवडत बसली, आणि स्पीकरमधून तो आवाज मोठा होऊन, स्वच्छ होऊन, खोलीभर येत राहिला. त्याला प्लेअर बंद करायचं सुचलं नाही. उरलं काय? दगड उरला. दगड त्याने अजून करून पाहिलाच नव्हता. बुडणाऱ्याला दगड सुचावा हे त्याला स्वतःलाही विचित्र वाटलं, पण हसू आलं नाही.

मालकांनी त्याला आत बोलावलं ते दुपारच्या जेवणानंतर. ते फार जपून बोलले. प्लॅस्टरच्या बाजूला माणूस कमी आहे, साचे ओतायला कोणी भरवशाचं हवंय, काही दिवस तिकडे बसलात तर बरं होईल, पगारात फरक नाही. साचे ओतायचं काम नवीन आलेल्यांना देत. लॅबमध्ये आला तेव्हा त्यानेही तेच केलं होतं. तो हो म्हणाला. आभारसुद्धा मानले. बाहेर येऊन त्याने हत्यारं पुसून कापडाच्या गुंडाळीत ठेवली, आणि ती कुठे न्यावी हे न कळून गुंडाळी काखेत घेऊन मधल्या बोळकांडीत उभा राहिला. वकील मान खाली घालून काम करत होता. इतका खाली, की त्याला त्या अंतरावरून काही दिसणंच शक्य नव्हतं. घरी तो बायकोला एवढंच म्हणाला की लॅबमध्ये बदली झालीय. ती भांडी पुसत होती. तिने हातातली थाळी पुसून झाल्यावरही कितीतरी वेळ पुसली. मग म्हणाली, दवाखान्याची तारीख उद्याचीच आहे. तो म्हणाला, हो. नाही म्हणायला त्याच्यात त्राण राहिलं नव्हतं.

सकाळी दोघं निघाले. तिने चांगली साडी नेसली होती. जिन्यात त्याच्या वरच्या गुंडीकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने ती लावून दिली. त्याने मान वर केली आणि भिंतीकडे बघत राहिला. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, “आधी दगडाचं बघून येऊ.” तो बघतच राहिला. दगडाचं तिच्याजवळ त्याने एकदाच, तेही ओझरतं काढलं होतं. ती म्हणाली, वाटेतच आहे, दगड कापणाऱ्याचं आवार लवकर उघडतं, मी चौकशी केलीय. त्याने ओळखलं: इंजेक्शनला नेताना मुलाला आधी खेळण्याच्या दुकानात नेतात, तसं चाललंय. तिच्या या हिशेबीपणाने तो दुखावला आणि सुखावलाही. जायचंच आहे तर दगड बघून जाऊ.

आवारात दगडांच्या मोठाल्या लाद्या लाकडी घोड्यांना टेकून ओळीने उभ्या होत्या, करड्या, काळ्या, लालसर. पलीकडे करवत चालू होती आणि तिच्याखालून दुधासारखं पांढरं पाणी वाहत होतं. हवेत ओल्या धुळीचा वास. कापणारा माणूस कानात कापसाचे बोळे घालून होता. त्याच्या भुवयांवर पांढरी पूड बसलेली. त्याने करवत थांबवली तेव्हा एकदम इतकी शांतता झाली की आपलं रक्त वाहिल्याचं ऐकू यावं. काय हवंय ते बायकोनेच सांगायला सुरुवात केली. रेकॉर्ड प्लेअरखाली ठेवायचा दगड. अजिबात हलता कामा नये. कोणता दगड कंप अजिबात घेत नाही, हे तिने विचारलं, आणि तो माणूस दाखवायला लागल्यावर पुन्हा विचारलं. ती लाद्यांमधून फिरायला लागली, बोटातल्या अंगठीने एकेकीवर टकटक करून कान लावायला लागली. संगमरवर वाजतो, म्हणाली. हा करडा बरा आहे. शेवटी एका काळ्या लादीपाशी ती थांबली. दोनदा वाजवलं, कान अगदी दगडाला टेकवला. “हा बघा,” ती त्याला म्हणाली. “याच्यातून काहीच येत नाही.”

त्या माणसाने लादी आडवी टाकली आणि एक पिवळी मेणपेन्सिल त्याच्यापुढे धरली. म्हणाला, मापाची रेघ तुम्हीच मारा, मी रेघेवरूनच कापतो, मग नंतर बोलायला नको. त्याने पेन्सिल घेतली. माप दोन टोकांना ठिपक्यांनी दाखवलेलं होतं. फक्त जोडायचं होतं. तो वाकला. दगड थंड, कोरडा होता. त्याने पेन्सिल टेकवली आणि ओढली, आणि मध्ये थांबला नाही, कारण थांबलं तर पुन्हा टेकवावं लागलं असतं.

काळ्या दगडावर पिवळी रेघ फार ठळक दिसते. ती रेघ एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत गेली होती, पण सबंध वाटेवर बारीक बारीक दात काढत गेली होती, एकसारखे, वर-खाली, वर-खाली. इतकं रेखीव काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. तिघंही रेघेकडे बघत राहिले. मग कापणाऱ्या माणसाने बाहीने रेघ पुसून टाकली आणि म्हणाला, दगड ओला आहे साहेब, पेन्सिल सरकते, पुन्हा मारा. तो त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिला. पांढऱ्या भुवयांखालचे त्याचे डोळे दुसरीकडेच, करवतीकडे लागलेले होते. आज नुसते केस, दाढी घरीच करून आलोय. त्याला एकाएकी फार थकवा आला. वर्षानुवर्षं जड काहीतरी धरून उभं राहिल्यासारखा.

“दगड ओला नाही,” तो म्हणाला. “माझा हात हलतो.”

बोलून झालं. वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. त्याने पेन्सिल त्या माणसाला परत दिली आणि बायकोकडे वळला. या एका वाक्याची ती कधीपासून वाट बघत होती. आता तिचा चेहरा सैल होईल, ती घड्याळ बघेल, चला म्हणेल, आणि आपण तिच्या मागोमाग जाऊ, असं त्याला वाटलं. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती पुसलेल्या रेघेच्या जागी बघत होती. औषधांच्या खिडकीवर रोज जे लोक येतात, ज्यांचे कागद दुसऱ्या कोणाला तरी धरावे लागतात, ते सगळे तिने त्याच्याआधी पाहिलेले होते. ती हळूहळू मागे सरकली आणि रचून ठेवलेल्या लाद्यांवर बसली, चांगल्या साडीची, पांढऱ्या चिखलाची पर्वा न करता, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “दगडाने होईल.”